भाग ३७ : रेडमी का रिअलमी? आधी पैसा कुठं जातो ते बघू

(हा आपल्या पॉडकास्टच्या भागाचा लिखित मजकूर आहे. बोलण्याच्या भरात जे अर्धवट राहिलं, ते इथं थोडं पूर्ण केलंय. बाकी भाषा बोलल्यासारखीच ठेवलीय.)

येरमाळ्यातून मी बोलतोय. मागे हायवेवरच्या ट्रकचा आवाज येईल, तो सहन करा. सोलापूर-धुळे रस्ता आणि बार्शी-लातूर रस्ता आमच्या गावात एकमेकांना भेटतात, त्यामुळं शांतता हा प्रकार आमच्याकडं फक्त एडिटिंगमध्ये मिळतो.

या आठवड्यात आपल्याच भागातल्या एका मुलाची व्हॉइस नोट आली. बारावी झालीय, कॉलेजला चाललाय. म्हणतो, "दादा, सोळा हजारांत एक रेडमी बघितलाय आणि एक रिअलमी. घरचे म्हणतात एकदाच पैसे देणार. कुठला घेऊ?"

घरचे 'एकदाच' म्हणतात, त्यात तथ्य आहे. हिशोब करा. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव होता ५,३२८ रुपये क्विंटल. तीन क्विंटलचे झाले १५,९८४. म्हणजे १५,९९९ चा फोन हा तीन क्विंटल सोयाबीनचा फोन आहे, आणि तेही हमीभाव मिळाला तर. कळंबच्या आडतीवर काय भाव निघतो ते तुमच्या वडलांना विचारा, मग तो चार क्विंटलचा फोन होतो. सप्टेंबर २०२५ च्या पुरात ज्यांची रानं खरवडून गेली, त्यांच्या घरी हा हिशोब मोठ्यानं बोलूसुद्धा नये. म्हणून मी या प्रश्नाचं उत्तर 'दोन्ही चांगले आहेत, व्हिडिओ लाईक करा' असं देणार नाही.

आधी हे दोन फोन उघडून बघू. खरोखर नाही, मनातल्या मनात.

प्रोसेसर? या किमतीत बहुतेक करून मीडियाटेक किंवा क्वालकॉम. दोन्ही ब्रँडमध्ये याच दोघांपैकी कुणाचा तरी. रॅमच्या चिपा जगात मुख्यत्वे तीनच कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. बाजाराचा नव्वद टक्क्यांहून जास्त हिस्सा या तिघांकडे आहे. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी यांच्याकडची मेमरी उचलायला सुरुवात केली आणि रॅम महागली. कुठल्यातरी देशात चॅटबॉट चालवायला सर्व्हर लागले, म्हणून येरमाळ्याच्या दुकानात बजेट फोन महागतो! मेन कॅमेऱ्याचा सेन्सर बऱ्याचदा सोनीचा, नाहीतर सॅमसंगचा. आत अँड्रॉइड आहे, ते गूगलचं.

मग रेडमीचं आणि रिअलमीचं स्वतःचं काय? डिझाइन, जुळणी, सॉफ्टवेअरचा वरचा थर, आणि जाहिरात. काउंटरवर जी दोन डब्यांची कुस्ती दिसते, तिच्या मागे दोघांनाही माल पुरवणारे तेच ते आहेत. कुस्ती कुणीही जिंको, आखाड्याचं भाडं त्यांना मिळतंच.

आता ब्रँडकडं बघा. रिअलमी २०१८ साली ओप्पोचाच पोटब्रँड म्हणून भारतात आला. ओप्पो, विवो, वनप्लस, रिअलमी या सगळ्यांचं मूळ एकच: चीनमधल्या डोंगग्वान शहरातली बीबीके. कागदोपत्री वेगळ्या कंपन्या, आणि आपसात स्पर्धाही करतात, हे खरंय. पण भावकी एकच. आयक्यू हा विवोचा. रेडमी आणि पोको शाओमीच्या घरचे. म्हणजे दुकानात सात-आठ पाट्या दिसतात, त्या मोजायला गेलं तर दोन घराणी निघतात. त्यात सॅमसंग मिळवला की सोळा हजारांखालचा बहुतेक बाजार संपला. ॲपल वेगळ्या पंगतीला बसतो. नग कमी विकतो, पण पैशाच्या हिशोबात भारतात तोही अगदी वरच्या पाटावर आहे.

तुम्हाला आठवत असेल, एक काळ असा होता की आपल्याकडच्या प्रत्येक मोबाईल दुकानाची पाटी एकतर निळी नाहीतर हिरवी. निळी विवोची, हिरवी ओप्पोची. दुकानाचं नाव कोपऱ्यात बारीक अक्षरात. पाटी फुकट, काच-कपाट फुकट, वर काउंटरला उभा राहणारा पोरगा कंपनीच्या पगारावर. विवोने २०१८ ते २०२२ साठी आयपीएलचं नाव विकत घेतलं २,१९९ कोटींना. ओप्पोने २०१७ मध्ये टीम इंडियाची जर्सी घेतली पाच वर्षांसाठी, १,०७९ कोटींना. दोन्ही सौदे पुढं मध्येच दुसऱ्यांकडं गेले ते सोडा. पण एवढा पैसा ओतल्यावर बाजारात तिसरा छोटा गडी टिकेल कसा?

आपला गडी होता की. दोन होते.

पहिला तर आपल्याच मराठवाड्यातला. येरमाळ्यावरून हाच हायवे धरून बीडच्या पुढं जा, छत्रपती संभाजीनगर लागतं. तिथल्या धूत घराण्याची व्हिडिओकॉन. जवळच चितेगावला कारखाना. ऐंशीच्या दशकात रंगीत टीव्ही घरात आला तेव्हा अनेक घरांत तो व्हिडिओकॉनचा होता. तुमच्या आजोबांच्या टीव्हीच्या खोक्यावर ते नाव असण्याची शक्यता बरीच आहे. या कंपनीने २००५ मध्ये थॉमसन या फ्रेंच कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला. पोलंड, इटली, मेक्सिको, चीन, सगळीकडचे कारखाने. पिक्चर ट्यूब म्हणजे जुन्या टीव्हीच्या मागचं ते मोठं ढेरपोट. आणि नेमकं त्याच सुमारास जग चपट्या स्क्रीनकडं वळलं. ज्या वस्तूचा जगातला सगळ्यात मोठा कारखानदार व्हायचं, ती वस्तूच बाजारातून गेली.

२००९ मध्ये व्हिडिओकॉनने मोबाईलही आणले. टेलिकॉमचे परवाने घेतले होते, पण फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टू-जी प्रकरणात १२२ परवाने रद्द केले, त्यात २१ व्हिडिओकॉनचे होते. पुढं तेल, वायू, कर्ज. २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात. बँकांचे आणि इतरांचे दावे ६४ हजार कोटींच्या वर, आणि २०२१ मध्ये मंजूर झालेली बोली २,९६२ कोटींची. ती बोलीही पुढच्या वर्षी अपिलात रद्द झाली. माझं मत विचाराल तर परदेशी कंपन्यांनी व्हिडिओकॉनला मारलं हे अर्धंच खरं आहे. एलजी, सॅमसंग पॅनेल स्वतः बनवत होते. आपण पॅनेलच्या शर्यतीत उतरलोच नाही, जुन्या शर्यतीचा चषक विकत घेतला. वर कर्जावर सगळीकडं हात घातला.

दुसरा गडी मायक्रोमॅक्स, गुरुग्रामचा. २००८ मध्ये मोबाईलमध्ये आला. पहिला गाजलेला फोन महिनाभर बॅटरी चालणारा, कारण गावात लाईट नाही ही गोष्ट त्यांनी ऐकून नाही, बघून घेतली होती. दोन सिम, मोठा आवाज, कमी किंमत. २०१४ च्या शेवटच्या तिमाहीत कॅनालिस या संस्थेच्या आकड्यांनुसार मायक्रोमॅक्स २२ टक्के आणि सॅमसंग २० टक्के. सॅमसंगच्या पुढं! (इतर संस्थांचे आकडे वेगळे होते, सॅमसंगने ते मान्य केलं नाही.) जाहिरातीत ह्यू जॅकमन होता, म्हणजे वूल्व्हरिन. नखं काढून फोन कसा धरत असेल कोण जाणे.

आणि तीन वर्षांत खेळ उलटला. कारण मायक्रोमॅक्सचे फोन बहुतांश चिनी कारखान्यांत तयार झालेलेच होते, वर नाव आपलं. जुलै २०१४ मध्ये शाओमी फ्लिपकार्टवरून थेट आली, तेव्हा मधला माणूस कोण उरला? मायक्रोमॅक्सच. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झालं, सगळ्यांना रातोरात फोर-जी फोन हवा झाला, आणि देशी कंपन्यांकडं थ्री-जीचा माल पडून. दोन महिन्यांनी नोटबंदी. २०१७ संपेपर्यंत शाओमी पहिल्या नंबरवर.

यात एक मराठी धागा आहे, तो सहसा कुणी सांगत नाही. आयआयटी मुंबईत शिकलेल्या राकेश देशमुख आणि त्यांच्या साथीदारांनी इंडस ओएस काढली. अँड्रॉइडवरच बांधलेली, पण आपल्या भाषांसाठी. मेसेजवर बोट फिरवलं की भाषांतर होणार, ॲप घ्यायला ईमेल आयडी लागणार नाही. आमच्या चुलत्यासारख्या माणसासाठी ही केवढी गोष्ट. त्यांचा अजूनही ईमेल आयडी दुकानदाराने काढून दिलेला आहे आणि पासवर्ड दुकानदारालाच माहीत आहे. २०१५ मध्ये मायक्रोमॅक्सच्या फोनवर इंडस आली आणि काही काळ भारतात आयफोनच्या ओएसपेक्षाही तिचे फोन जास्त विकले जात होते. पण ती ज्या देशी फोनांवर बसली होती, तेच बुडाले. मग तिचं ॲप बाजारात रूपांतर झालं, २०२२ मध्ये फोनपेने कंपनी घेतली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडस ॲपस्टोअर म्हणून ती पुन्हा सुरू झाली.

तुम्ही म्हणाल, मग प्ले स्टोअरवर शोधतो. नाही मिळणार. दुसऱ्याचं ॲप स्टोअर प्ले स्टोअरवर ठेवू देत नाहीत. इथून आपण खऱ्या मुद्द्याकडं येतो.

खताचं लिंकिंग माहीत आहे ना? पेरणीच्या तोंडावर डीएपी मागायला जा, दुकानदार म्हणतो, डीएपी देतो, पण ही बाटली घ्यावी लागेल, ही पुडी घ्यावी लागेल. आपल्याला नको असतं, पण डीएपीशिवाय पेरणी होत नाही. गूगल फोन कंपन्यांबरोबर हेच करत होतं, असं भारतीय स्पर्धा आयोगाने म्हटलं. म्हणजे भाषा अर्थातच कायद्याची होती, खताची नाही. अँड्रॉइड फुकट आहे. पण प्ले स्टोअर हवं असेल तर सोबत सर्च, क्रोम, यूट्यूब, मॅप असा पूर्ण संच फोनवर टाका. शिवाय अँड्रॉइडचा वेगळा अवतार बनवून विकणार नाही असं लिहून द्या. प्ले स्टोअरशिवाय फोन विकून दाखवा बरं या देशात, जिथं शंभरातले पंच्याण्णवच्या आसपास फोन अँड्रॉइडचे आहेत!

ही तक्रार २०१८ मध्ये कुणी केली? कुठल्या बलाढ्य कंपनीने नाही, कायद्याच्या क्षेत्रातल्या तिघा तरुणांनी. २० ऑक्टोबर २०२२ ला आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड लावला आणि दहा निर्देश दिले. पाच दिवसांनी प्ले स्टोअरच्या पेमेंटच्या सक्तीबद्दल आणखी ९३६.४४ कोटी. गूगल अपिलात गेलं. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने पहिला दंड कायम ठेवला, पण दहापैकी चार निर्देश काढून टाकले. दुसरा दंड मार्च २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आला.

दंडाच्या आकड्यापेक्षा हे चार निर्देश महत्त्वाचे होते. त्यातला एक: आधीपासून टाकलेली गूगलची ॲप काढून टाकू द्या. गेला. दुसरा: दुसऱ्यांची ॲप स्टोअर प्ले स्टोअरवर येऊ द्या. तोही गेला. जे राहिलं त्यातून एवढं झालं की फोन कंपनीला सगळा संच घ्यायची सक्ती राहिली नाही आणि नवीन फोन सुरू करताना सर्च इंजिन कुठलं हवं ते विचारलं जाऊ लागलं. तुम्ही त्या स्क्रीनवर काय दाबलं होतं आठवतंय? बहुतेकांनी गूगलच. सवयीला कोर्टाचा आदेश लागत नाही.

बरं, फोन एवढा स्वस्त कसा परवडतो? २०१८ मध्ये शाओमीने जाहीर केलं होतं की यंत्रांवर आपण पाच टक्क्यांपेक्षा जास्त निव्वळ नफा घेणार नाही. ऐकायला वारकऱ्याचं व्रत वाटतं. पण बाकीचा पैसा इंटरनेट सेवांतून येतो, त्यात जाहिराती आहेत. स्वस्त फोनच्या लॉक स्क्रीनवर रोज नवा फोटो आणि त्याखाली बातमी, फाइल मॅनेजर उघडला की गेमची जाहिरात, तुम्ही न मागितलेली दहा-बारा ॲप. हे सगळं भाडं आहे. तुमच्या खिशातल्या भिंतीवर कुणीतरी बॅनर लावलाय आणि भाडं कंपनी घेतेय. फक्त शाओमीच असं करते असं नाही, या किमतीत जवळपास सगळेच कमी-जास्त करतात. १५,९९९ मधले साधारण २,४४० रुपये जीएसटीचे. मोबाईलवर अठरा टक्के आहे, टीव्ही-एसीचे दर कमी झाले तेव्हाही मोबाईलचा तसाच राहिला.

आता दुकानदाराची बाजू. आमच्या चौकातला एक दुकानदार म्हणतो, "ऑनलाईनला जो भाव दिसतो, त्या भावात मला डिस्ट्रिब्युटर देत नाही, मी विकू कसा?" त्याचं रडगाणं खोटं नाही. २०२० मध्ये स्पर्धा आयोगाने ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टची चौकशी लावली ती याच प्रकारच्या तक्रारीवर: काही फोन फक्त एकाच साईटवर, तिथल्या ठराविक विक्रेत्यांना झुकतं माप. २०२४ मध्ये चौकशीच्या अहवालात नियमभंगाचा निष्कर्ष असल्याच्या बातम्या आल्या, त्यात फोन कंपन्यांशी संगनमत असल्याचाही उल्लेख होता. कंपन्या हे नाकारतात. त्याच वर्षी महाराष्ट्रासह सहा राज्यांतल्या सुमारे साडेचार हजार दुकानांनी १ मेपासून वनप्लस विकणार नाही अशी भूमिका घेतली. कारण होतं कमी मार्जिन आणि वॉरंटीचे दावे रखडणं. दुकानदार एकत्र आले की कंपनीला चर्चेला बसावं लागतं. गिऱ्हाईक मात्र कधी एकत्र येत नाही, आपण पंचवीस जण पंचवीस फोनचे फॅन.

तर भावा, तुझ्या प्रश्नाकडं येतो.

मेगापिक्सेल बघू नकोस. पन्नास मेगापिक्सेलच्या शेजारचे दोन मेगापिक्सेलचे डोळे बहुतेक शोभेचे असतात. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत, चुनखडी वेचायच्या वेळी ऊन, धूळ आणि लाखाची गर्दी असते, तिथं ज्याचा फोटो नीट येतो तो कॅमेरा चांगला. ज्याच्याकडं तो फोन आहे त्याच्या गॅलरीतले यात्रेचे फोटो माग, जाहिरातीतले नको. 'आठ अधिक आठ जीबी रॅम' यातली दुसरी आठ ही स्टोरेजमधून उसनी घेतलेली असते, ती खरी रॅम नव्हे. स्टोरेज यूएफएस आहे का जुनं ईएमएमसी, हे विचार. दोन वर्षांनी फोन रखडणार की पळणार हे बरंचसं तिथं ठरतं.

आणि सगळ्यात आधी विचार: सिक्युरिटी अपडेट किती वर्षं? याच किमतीच्या आसपास सॅमसंगने गॅलेक्सी ए१६ फाइव्ह-जीला २०२४ मध्ये सहा वर्षं देऊ केली. म्हणजे द्यायचं ठरवलं तर देता येतं. युरोपात २० जून २०२५ पासून नियमच आहे की त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट द्यायचे आणि सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. तीच कंपनी, तसाच फोन. तिकडं हक्क, इकडं मेहेरबानी. आपल्याकडं राईट टू रिपेअरचं पोर्टल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालं, दुरुस्ती किती सोपी याचा निर्देशांक असावा यावर सरकारी समितीही बसली, पण तुझ्या हातातल्या डब्यावर अजून तसला काही आकडा छापलेला नाही. त्यामुळं सर्व्हिस सेंटर कुठं आहे, धाराशिव, बार्शी की लातूर, हे घ्यायच्या आधी नकाशात बघून ठेव. डिस्प्ले गेला तर एक दिवस आणि एसटीचं भाडं त्याच्या किमतीत मिळव.

हप्त्यावर घेणार असशील तर 'नो कॉस्ट'वर जाऊ नकोस. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. रोखीत मिळणारी सूट सोडावी लागते किंवा प्रोसेसिंग फी लागते, व्याज कुठंतरी लपतंच. आणि फोनमध्ये लॉकचं ॲप टाकणार का, हप्ता चुकला तर फोन बंद पडणार का, हे सही करायच्या आधी विचार. कॉलेजच्या परीक्षेचा फॉर्म, बँकेचा ओटीपी, पीकविम्याचा मेसेज, सगळं त्याच फोनवर येतं.

दोघांपैकी कुठला, हे मी तरी अपडेटची वर्षं आणि सर्व्हिस सेंटर बघूनच ठरवीन. रेडमीचं जास्त निघालं तर रेडमी, रिअलमीचं निघालं तर रिअलमी. दोघांचंही कमी निघालं तर तिसरा बघ, स्क्रीन थोडी फिकी असली तरी चालेल. फोन घेतल्यावर पहिल्या संध्याकाळी सेटिंगमध्ये जाऊन जाहिराती आणि लॉक स्क्रीनची ती सजावट बंद कर. नको असलेली ॲप निघत नसतील तर निदान 'डिसेबल' होतात.

आणखी एक, हे सगळ्यांसाठी. फोन वॉरंटीत बिघडला आणि कंपनी टोलवाटोलवी करत असेल तर आधी १९१५ वर फोन करा, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलता येतं. तिथं नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने आपण जिथं राहतो तिथंच तक्रार करता येते. कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असो नाहीतर बंगळुरूला, यायचं तिने धाराशिवला. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही. वकील नसला तरी चालतो. बिल मात्र पाहिजे, पक्कं, जीएसटीचं. 'बिल नको असेल तर पाचशे कमी करतो' म्हणणाऱ्याला हात जोडा आणि पुढच्या दुकानात जा.

जुना फोन घेणाऱ्यांनी *#०६# डायल करून आयएमईआय नंबर काढायचा, आणि इंग्रजीत केवायएम, मग जागा सोडून तो पंधरा आकडी नंबर लिहून १४४२२ ला एसएमएस करायचा. फोन ब्लॉक झालेला असेल तर तिथंच कळतं. यात्रेच्या दिवसांत हे विशेष लक्षात ठेवा, तेव्हा आपल्याकडं फोन हरवतातही भरपूर आणि 'मित्राचाय, स्वस्तात देतो' म्हणत विकलेही जातात.

पुढच्या भागात रिचार्जचे भाव आणि दोन-अडीच कंपन्यांत वाटलेला सिमकार्डाचा बाजार घेऊ. तुमच्या गावात कुठलं नेटवर्क कुठल्या गच्चीवर येतं, ते व्हॉइस नोट करून पाठवा. एक मिनिटाच्या आत, आणि कृपा करून ट्रॅक्टर बंद करून.